वरच्या दोन ओळी

माझं तोंड फटकळ आहे, हे सासरी-माहेरी दोन्हीकडं माहीत आहे. त्याच तोंडावर मी पोट भरते म्हटलं तरी चालेल. सांगलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि तिथून आम्ही 'मांडव' नावाचं ॲप चालवतो. द्राक्षबागायतदारांसाठी. छाटणी कधी, डोस किती, भुरी रोगाला काय, डाऊनी रोगाला काय, सगळं त्यात. ते सगळं लिहिणारी मी, अंजना. कृषीची पदवी आहे, माहेरी तासगावच्या पलीकडं तीन एकर बाग आहे, आणि शेतकरी कुठल्या वाक्याला जांभई देतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून माझी एक पद्धत होती. 'हे करा, ते करू नका' असलं मास्तरकीचं लिहायचं नाही. आधी लोकांच्या तोंडातली चुकीची समजूत त्यांच्याच शब्दांत मांडायची. वाचणारा 'व्हय की' म्हणून मान डोलवायला लागला, की पुढच्या वाक्यात दणका द्यायचा. लोकांना ते आवडायचं. फोन यायचे, "मॅडम, लय हसलो, पण पटलं." मी फुशारून जायचे. का नाही जाणार? बाकीच्यांची माहितीपत्रकं वडे गुंडाळायला जातात, माझी पानं माणसं बायकोला वाचून दाखवायची.

ॲपमध्ये वर शोधायची पट्टी आहे. पूर्वी त्यात 'भुरी' टाकलं की नुसती पानांची नावं यायची, एकाखाली एक. नाव दाबायचं, पान उघडायचं, मग वाचायचं. बोंब अशी की बांधावर रेंज नसते. पान उघडेपर्यंत माणूस पंपात औषध ओतून मोकळा.

हे मला सगळ्यात जास्त कुणी सुनावलं असेल तर धैर्यानं. धैर्यशील, माझा धाकटा भाऊ. फौजेत हवालदार आहे. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. त्याचं जेवण, अभ्यास, मार, ताप, सगळं माझ्या हातचं. आता माझ्यापेक्षा दीड वीत उंच झालाय, तरी मला बघितलं की गाल पुढं करतो, मारतीस काय म्हणून. दर सुट्टीला घरी आला की बागेत राबतो आणि मला टोमणे मारतो.

"आक्का, तुझं पान उघडंस्तवर माझी रजा संपती. काय ते वरच्या वर दाखवा की."

ते मीच ऑफिसात सांगितलं. निमिषला. निमिष आमचा मालक, मूळचा वाईचा. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं कायम गुळाचं, आवाज कधी चढवणार नाही, आणि त्यामुळंच तो माझ्या डोक्यात जातो. पण ही गोष्ट त्यानं लगेच उचलली.

"दोन ओळींची झलक देऊ, अंजनाताई. नावाच्या खालीच. पान उघडायचीच गरज नाही."

झालं. उन्हाळ्यात ते सुरू झालं. आता शोधलं की मशीन स्वतःच बघणार, तुम्ही टाकलेले शब्द कुठल्या पानात, कुठल्या वाक्यात सगळ्यात जास्त जुळतात. तेवढं वाक्य उचलून नावाखाली ठेवणार. दोन ओळी झाल्या की तीन टिंबं. त्याखाली एक छोटा प्रश्न, 'उपयोगी पडलं का?' आणि पुढं 'हो' नि 'नाही'. ज्याला जास्त 'हो', ते पुढच्या वेळी आणखी वर.

लोक खूश झाले. खरंच झाले, मी खोटं कशाला बोलू? बांधावर, एका काडीच्या रेंजमध्ये, उत्तर हातात. 'हो'चा नुसता पाऊस पडला. निमिषनं ऑफिसात पेढे वाटले. मीही खाल्ले.

पण त्याच पेढ्यांच्या दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आवडली नाही. पानं उघडायचं लोकांनी सोडून दिलं. ज्या पानावर रोज शेकडो माणसं यायची, तिथं आता चार-दोन यायला लागली. मी लिहिलेलं सगळं तिथंच पडून होतं, आणि त्यातल्या सुट्या ओळी गावोगाव फिरत होत्या. कुठल्या ओळी, ते मात्र मला माहीत नव्हतं. मनात काहीतरी टोचत राहिलं.

मग म्हसवडहून फोन आला. ज्योतिबा नावाचे बागायतदार होते, साठीचे असतील. आवाजात राग नव्हता, त्यानंच मी जास्त घाबरले.

"बाई, तुमच्या ॲपमदी वाचून गंधक मारलं. पार करपली की वो बाग."

"कधी मारलं, काका?"

"तुमी सांगितलं तवाच. दुपारच्याला. कडक उन्हात."

मी म्हटलं, शक्यच नाही. मी असलं कधी लिहीन का? त्यांना फोनवर धरूनच मी पट्टीत टाकलं, 'भुरी गंधक ऊन'. पहिलंच उत्तर माझं. नावाखाली दोन ओळी: 'कडक उन्हात गंधक मारलं की भुरी झटक्यात जाते…' आणि तीन टिंबं. पानात ते वाक्य पुढं असं होतं, की असं कुणी सांगितलं तर त्याला हात जोडा आणि घरी पाठवा, कारण भर उन्हात गंधकानं पानं जळतात. दणका टिंबांच्या पलीकडं राहिला होता. झलकेत होती ती लोकांची खुळी समजूत. आमच्या नावानं, माझ्या शब्दांत.

मी तडक निमिषच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवायचं भान राहिलं नाही.

"बंद करा ती झलक. आत्ता."

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं ते शांतपणे ऐकणंच मला सहन होत नाही. म्हणाला, "वाईट झालं. त्यांची भरपाई बघू आपण. पण ताई, एक केस आहे ही. हजारो लोकांना फायदा होतोय. आणि त्यांनी पूर्ण पान उघडायला हवं होतं, नाही का?"

"उघडायची गरज नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना लोकांना?"

"दिवाळीनंतर नीट करू. आता छाटणीचा सीझन आहे. आत्ता बंद केलं तर लोक ॲप काढून टाकतील."

मी बाहेर आले आणि रागानं स्वतःच पानं बदलायला घेतली. घरी नेऊन, स्वयंपाक करता करता. आधी रोगांची पानं घेतली, भुरी, डाऊनी, करपा. प्रत्येकात धोका पहिल्या वाक्यात आणला, समजुती काढून टाकल्या. छाटणीची पानं राहिली होती. दसरा झाला, फळछाटण्या जोरात सुरू झाल्या, पाठोपाठ पेस्टही सुरू झाली, आणि मी अजून करप्यावरच होते.

पेस्टचं जरा सांगायला हवं. फळछाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब यायच्या जागा, एकदम आणि सारखे फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात. डब्यावर लांबलचक नाव असतं, हायड्रोजन सायनामाइड, पण आमच्याकडं सगळे नुसतं 'पेस्ट' म्हणतात. कुठला डोळा झाला नि कुठला राहिला ते लांबून कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. हातमोजे घालून, बोळा बुडवून, एकेक डोळा रंगवत मजुरांची टोळी पुढं सरकते. मोजे फाटतात, रंग कोपरापर्यंत येतो, घाम पुसताना कपाळाला लागतो. पेस्टच्या दिवसांत आमच्या भागातली अर्धी माणसं लाल दिसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

औषध जहाल आहे, पण त्याची एक खोड त्याहून वाईट. ते अंगात असताना दारू प्यायली तर दारू शरीराबाहेर पडतच नाही, आतच विष होऊन बसते. तोंड लाल होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब खाली जातो. माणूस दगावूही शकतो. लावायच्या आधी एक दिवस आणि लावल्यावर आठवडाभर थेंब नको. आणि आमच्याकडं रीत काय? पेस्ट उरकली की त्याच संध्याकाळी टोळीला मटणाचं जेवण आणि बाटली. आमच्या घरी तर आजोबांपासून चालत आलंय, बागेतल्या शेवटच्या वेलीला ज्याच्या हातची पेस्ट, त्याला घरधन्याच्या, म्हणजे आता आमच्या वडिलांच्या, आबांच्या हातचा पहिला पेला. आजोबांच्या काळी ही पेस्टच नव्हती, तेव्हा ते छाटणीवर द्यायचे. औषध बदललं, पेला तोच राहिला.

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होते, तेव्हा धैर्याचा फोन आला. रजा संपत आली होती त्याची.

"आक्का, पेस्ट उरकली बघ. तासगावला आलोय मटणाला. संध्याकाळी ये. बिराप्पाची टोळी हाय, आबा हायत, सगळी हायती. आणि ऐक, शेवटच्या वेलीला कुणी लावली असंल?"

"कुणी?"

"म्या! दोन माणसं आली न्हाईत, म्हणून सकाळधरनं म्याच टोळीत. बिराप्पा म्हणला, साहेब, तुमचा हात लय चालतोय."

"हातमोजे होते का?"

"फाटलं दुपारीच. आता तू सुरू होऊ नगं."

"धैर्या, ऐक माझं. आज दारूला शिवायचं नाही. आठवडाभर नाही. तू नाही, बिराप्पा नाही, टोळीतलं कुणीच नाही. कळलं?"

तो हसला. मोठ्यानं, अगदी मनापासून. "आलं का तुझं! आगं, तू मला दहावीपासनं हेच सांगतीस. कॅन्टीनची बाटली आणलीया खास आबांच्या हातनं घ्यायला. वर्षातनं एकदा."

"हे नेहमीचं नाही रे! पेस्टवर दारू म्हणजे विष. मेलास-बिलास तर?"

"तुझ्या तोंडात कायम मरणच गं." त्याचा आवाज जरा चिडका झाला. "असं कुठं लिहिलंय दाखव."

हा त्याचा स्वभाव आहे. फौजेत गेल्यापासून त्याला लेखी दाखवल्याशिवाय काही पटत नाही. तोंडी हुकूम त्याच्या लेखी हुकूमच नव्हे. आणि मी, मी काय म्हणाले? अजून माझ्या कानात वाजतंय ते. मी म्हणाले, "मांडवमध्ये बघ! मी स्वतः लिहिलंय. वाच आणि मग मला बोल!"

"बघतो. तुझ्यावर न्हाई, तुझ्या ॲपवर इस्वास हाय माझा."

"बघच," म्हणून मी फोन ठेवला. जिरवली पोराची, असं वाटलं. पाणी प्यायले. करप्याचं पान पुढं ओढलं.

दोन वाक्यं लिहिली असतील. मग हातच थांबला. म्हसवडचा तो राग नसलेला आवाज आठवला. मी पट्टीत शब्द टाकले, जसे धैर्या टाकेल तसे. 'पेस्ट लावल्यावर दारू'.

सगळ्यात वर माझं पान. नावाखाली दोन ओळी: 'पेस्ट लावल्यावर संध्याकाळी थोडी दारू घेतली की अंगातलं औषध उतरतं, आणि अंगदुखीही…'

पानात ते वाक्य 'असं टोळीतले जुने गडी सांगतात' असं संपत होतं, आणि त्याच्या पुढं 'खोटं. साफ खोटं. हे ऐकाल तर मराल' असा माझा दणका होता. मला तो फार आवडला होता लिहिताना.

धैर्याला फोन लावला. वाजला, कट झाला. परत लावला, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. तो बागेकडं निघाला असणार, आणि बागेत रेंज नसते. आबांना लावला, आबा फोन घरी चार्जिंगला लावून विसरतात. तो घरीच वाजत राहिला. निमिषच्या दारात जाऊन फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही, त्यानं गाडीची किल्ली उचलली.

वाटेत मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माधवनगर सुटल्यावर त्यानं फक्त एकदा म्हटलं, "मी झलक बंद करायला सांगितलंय ऑफिसात."

"त्यानं तासगावातच बघितलं असणार आधीच. तिथं रेंज फुल्ल असते. पान उघडायला काही अडचण नव्हती त्याला. उघडायची गरजच वाटली नसेल." हे बोलताना मला रडू फुटलं. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, कुणाला ते मला सांगता येत नाही.

कवठ्याच्या बाजूला ढग दाटले होते पण पाऊस नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी छाटलेल्या बागा, पान नाही, नुसत्या काड्या, आणि काडीकाडीवर लाल ठिपके. मैलच्या मैल. त्या प्रत्येक बागेत पेस्ट उरकली होती, नाहीतर आज ना उद्या उरकणार होती. मी खिडकीची काच वर केली आणि समोर बघत राहिले.

बागेच्या तोंडाशी गाडी उभी राहायच्या आत मी उडी टाकली. शेडपुढं चूल पेटलेली होती, पातेल्यात मटण रटरटत होतं. टोळीतली माणसं हात-पाय धुऊन रांगेत बसली होती. सगळ्यांचे हात लाल. मधे आबा खुर्चीवर, त्यांच्या हातात बाटली, आणि पायाशी धैर्या मांडी घालून बसलेला. बिराप्पा, टोळीचा मुकादम, जतकडचा उंच काळा गडी, पेला तोंडाशी नेत होता.

मी त्याच्या हातावर फटका मारला. पेला चुलीत जाऊन पडला, भडका उठला. टोळी दचकून उभी राहिली.

"कुणी कुणी घेतलीय? बोला!"

"आगं, काय हे पोरी?" आबा म्हणाले. "कुणीच न्हाई अजून. मटण शिजू दे म्हणलो, बिराप्पाचा ह्यो पयलाच हुता. एकट्या धैर्याला दिला, रीतीपरमाणं. दोन झालं त्याचं."

बिराप्पा मनगट चोळत म्हणाला, "आक्का, मी इचारलं हुतं साहेबास्नी, आज चालतंय न्हवं? साहेबांनी मोबाइलवर वाचून दाखवलं समद्यास्नी."

मी धैर्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघून हसत होता, पण डोळे लाल होते आणि तोंडानं श्वास घेत होता. गाल, कान, मान, गळा, सगळं लाल.

"काय बघतीस? तुझंच वाचलं की. तूच लिहिलंयस, थोडी घेतली की उतरतं." बोलताना मधे थांबला, परत श्वास घेतला. "लय उकडतंय आज."

"त्याचं तोंड बघा, आबा."

"रंग हाय तो. घाम पुसला आसंल त्या हातानं. मगाधरनं आमी त्याला माकड म्हणून हसतोय."

मी पाण्याच्या टाकीवरचा नळ सोडला, ओढणी भिजवली, आणि आधी त्याचा हात घासला. ओढणीला लाल रंग आला. मग दुसऱ्या टोकानं त्याचा गाल घासला. जोरात घासला, लहानपणी जत्रेहून आल्यावर घासायचे तसा. ओढणी पांढरीच राहिली. गाल आणखी लाल झाला.

मी ती पांढरी ओढणी आबांसमोर धरली. त्यांनी बघितलं, आणि मग हातातल्या बाटलीकडं बघितलं. माझ्या बापाला मी उभ्या आयुष्यात रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हात धोतराला पुसत राहिले, पुसतच राहिले.

"म्या ओतली गं," ते म्हणाले. "म्या सवताच्या हातानं ओतली."

धैर्याला उचललं तेव्हा तो उभा राहू शकत नव्हता. बिराप्पानं खांद्यावर टाकून गाडीत आणला. टोळीला मी ओरडून सांगितलं, थेंब घ्याल तर बघा. तासगावात एका डॉक्टरनं ऑक्सिजन लावला, सलाइन लावली, ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि मिरजेला पाठवलं. सगळी वाट त्याचं डोकं माझ्या मांडीवर. छाती एवढी जोरात उडत होती की माझ्या मांडीला कळत होतं. मी त्याला म्हणत होते, "धैर्या, मारीन हां तुला, डोळे मिटलेस तर मारीन." त्यानं एकदा गाल पुढं करायचा प्रयत्न केला. नंतर तेही थांबलं.

मिरजेच्या हॉस्पिटलात त्याला आत नेलं आणि दार लागलं. मी भिंतीला टेकून खाली बसले. पलीकडच्या बाकावर आबा आणि बिराप्पा. निमिष गाडी लावून आला, मांडीवर लॅपटॉप उघडून माझ्याशेजारी जमिनीवरच बसला. कडक इस्त्रीची पँट त्याची. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

रात्री आठच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, प्रेशर फार खाली गेलं होतं, आता जरा वर येतंय. आज रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, पण वेळेत आणलंत. अजून एक पेला पोटात गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. आबांनी तिथंच जमिनीला हात लावून कपाळाला लावला. बिराप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

नर्सनं धैर्याचे कपडे, घड्याळ आणि मोबाइल एका पिशवीत घालून माझ्याकडं दिले. मोबाइलच्या काचेवर लाल अंगठ्याचा ठसा होता. मी तो पुसला आणि पडदा उजळला. मांडव उघडंच होतं. माझ्या पानाचं नाव, खाली माझ्या दोन ओळी, त्याखाली प्रश्न, 'उपयोगी पडलं का?'

त्यानं 'हो' दाबलं होतं. बहिणीचं लिखाण म्हणून दाबलं असणार. एवढा मोठा गडी, मटणाच्या दुकानापुढं उभा राहून, माझं नाव व्हावं म्हणून.

मी तो मोबाइल निमिषपुढं धरला. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली.

"हे त्यानं एकट्यानंच दाबलंय का?" मी विचारलं.

निमिषनं माझा प्रश्न ऐकला आणि त्याचा चेहरा बदलला. तो लॅपटॉपवर काहीतरी शोधायला लागला. मग थांबला.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "कालपासून आज दुपारपर्यंत. एक्केचाळीस जणांनी 'हो' दाबलंय. जास्त 'हो' आले म्हणून तर ते सगळ्यात वर आलं."

मला ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लाल ठिपके दिसले.

"नंबर असतील ना त्यांचे?"

"आहेत."

"सांगा."

त्यानं पहिला नंबर सांगितला, मी माझ्या फोनवरून लावला. बराच वेळ वाजला. मग एका बाईनं उचलला. मागं टीव्ही चालू होता, भांड्यांचा आवाज येत होता.

"मी सांगलीहून बोलतेय, मांडव ॲपमधून. मालक आहेत का घरात?"

"हायत की. पण झोपल्यात. उद्याच्याला करा फोन."

"आत्ता झोपलेत? एवढ्या लवकर?"

"आवं, आज पेस्ट उरकली आमची. गड्यांबरोबर जरा घेतलीया, म्हणून आडवं झाल्यात."

"ताई, त्यांना उठवा. आत्ताच्या आत्ता उठवा."

"झोपू द्या वो. दिवसभर राबल्यात." ती हसली, नवऱ्याविषयी बायको हसते तसं. "तोंड बघाया पायजे हुतं तुमी. लालभडक झालंय नुसतं. समदा पेस्टचा रंग. सकाळी आंघूळ केली की निघंल."

निमिष माझ्याकडं बघत होता, आबा माझ्याकडं बघत होते.

"ताई," मी म्हटलं, शक्य तेवढं हळू, "एक फडकं घ्या. पाण्यात भिजवा. त्यांचं तोंड पुसून बघा, आणि रंग निघतो का ते मला सांगा. मी फोन धरून आहे."

"बरं," ती म्हणाली.

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भांड्यात पाणी ओतल्याचा.